खाऱ्या वाऱ्यासमोर कुठलं रील? खाडीच्या मुखावरच्या एका निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या रीलचं, रॉडवर बसवायच्या दोरीच्या चरखीचं, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या मुखाजवळचं. माणूस ओळखू येऊ नये म्हणून गावाचं नाव लिहीत नाही आणि एक-दोन तपशील बदलले आहेत. काजळी नदी भाट्याला किंवा शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते, साधारण तसंच चित्र डोळ्यांसमोर आणा. एका अंगाला काळा कातळ पाण्यात उतरलेला, पलीकडे वाळूचा दांडा, आत वळलं की जुना धक्का आणि त्याच्या पुढे कांदळवन. गरवणाऱ्याला या सगळ्या जागा पायी जाण्याच्या अंतरावर.

या गावात माध्यमिक शाळेवर एक शिक्षक आहेत, पन्नाशीच्या आसपासचे. सगळा गाव त्यांना सर म्हणतो, मीही तेच म्हणतो. सर लहानपणापासून हातानेच गरवत आले. लाकडी फळीला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, गरीला (गळाला) जिवंत कोलंबी. धक्क्यावरून करकरा, शेंगाळा, एखाद्या दिवशी तांबोशी. तंगूस तर्जनीवर धरून बसले की खाली मासा आमिषाला नुसतं तोंड लावतोय की गिळतोय हे त्यांच्या बोटाला कळतं. असा हात वर्षानुवर्षांच्या सवयीनेच तयार होतो, आणि पुढे रील निवडताना आम्ही तो हिशेबात धरला.

पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत त्यांना लूर, म्हणजे नकली आमिष, फेकण्याचे व्हिडिओ दाखवले. कातळावरून पॉपर (पाण्याच्या वर खेळवायचा लूर) मारून कोकर काढणारी माणसं बघून सरांनाही वाटलं की हे आपल्याच पाण्यात आहे, आपण फक्त धक्क्यावर बसून राहिलो. पुतण्याने कौतुकाने एक संच मागवून दिला: चपट्या घाटणीचं बेटकास्टर रील, उजव्या हाताचं हँडल, त्यावर ब्रेडची, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी आणि साडेसहा फुटी रॉड. व्हिडिओत हेच होतं, दिसायला देखणं होतं, आणि तळहातात छान बसत होतं.

मी रील उघडून साफ करतो, दुरुस्त करतो. जानेवारीत सर हे रील पिशवीत घालून माझ्याकडे आले, ते दुरुस्तीसाठी.

अडचण

सरांची तक्रार साधी होती. फेकताना दोरीचा गुंता होतो, आणि असा की कात्रीशिवाय सुटत नाही. "कधी अगदी झकास जातं रे, आणि कधी एकामागून एक गुंतेच. माझाच हात बसत नाहीये," ते म्हणाले. दोरी कापून कापून स्पूल, म्हणजे रीलमधलं दोरी गुंडाळायचं रीळ, निम्म्यावर आलं होतं.

वर्तमानपत्र पसरून रील उघडलं. स्पूलच्या एका बाजूच्या बेअरिंगवर तांबूस कडं धरलं होतं, आतल्या ग्रीसमध्ये मिठाचे कण बोटाला लागत होते, बाजूच्या झाकणाच्या स्क्रूभोवती हिरवट बुरा. सर घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे. हेतू चांगला, पण बुडवलेल्या रीलवरचं मीठ पाण्याबरोबर आत शिरतं आणि तिथेच वाळतं. बेअरिंग बदललं, सगळं पुसून हलकं तेल दिलं. स्पूल परत मोकळं फिरायला लागलं.

पण खराब बेअरिंगमुळे कास्ट (फेक) आखूड पडते, "कधी झकास, कधी गुंता" असं होत नाही. म्हणून मी विचारलं की झकास कधी जातं. सर थोडा वेळ आठवत राहिले. रविवारी सकाळी. आणि गुंते? शाळा सुटल्यावर, संध्याकाळी. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी दुपारीही.

सगळा खुलासा इथेच होता. किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा. कातळावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की तो पाठीवर असतो आणि लूर आपोआप लांब जातो. दुपारनंतर जमीन तापते, खारा वारा सुरू होतो आणि तो थेट तोंडावर येतो. सरांना आठवड्यातून बहुतेक वेळा मोकळीक मिळायची ती नेमकी खाऱ्या वाऱ्याच्या वेळेत.

बेटकास्टरमध्ये फेकताना स्पूल स्वतः फिरतं. लूर दोरी ओढतो, दोरी स्पूलला फिरवते. समोरून वारा लागला की लूर हवेत मंदावतो, पण वेगात आलेलं स्पूल काही लगेच मंदावत नाही. पोहरा पाण्याला टेकल्यावरही रहाट फिरत राहावा आणि दोर सैल पडून गुंडाळला जावा, तसं होतं. हे टाळायला रीलमध्ये चुंबकाचा किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतो, बाजूला स्पूल कसायची गुंडी असते, आणि शेवटचा ब्रेक म्हणजे आपला अंगठा. सरांचे लूर दहा-बारा ग्रॅमचे, वाऱ्याला आडवे येणारे हलके पॉपर. वारा समोरून, लूर हलका, अंगठा नवशिका. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गुंता ठरलेला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ब्रेक वाढवून, दोन युक्त्या सांगून रील परत दिलं असतं. पण बोलता बोलता सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डिसेंबरात एका संध्याकाळी भरती चढत असताना ते कातळाच्या टोकावर मान खाली घालून गुंता सोडवत बसले होते. मागची घळ कधी भरली ते कळलं नाही. पिशवी लाटेने नेली आणि त्यांना गुडघाभर पाण्यातून, शेवाळावरून परत यावं लागलं. सोबत कोणी नव्हतं. सांगताना ते हसत होते, मला हसू आलं नाही. ओल्या कातळावर समुद्राकडे पाठ करून दहा मिनिटं खाली बघायला लावणारं रील त्या जागेसाठी चुकीचं आहे, मग ते कितीही भारी असो. त्या क्षणापासून माझ्यासाठी प्रश्न दुरुस्तीचा राहिला नाही, निवडीचा झाला.

समोर असलेले पर्याय

सरांच्या अटी तीन. गरवणं संध्याकाळीच होणार, त्यात बदल नाही. कातळावरून लूर, धक्क्यावरून जिवंत आमिष आणि अधूनमधून मित्राच्या होडीतून आत खाडीत, ही तिन्ही कामं व्हायला हवीत. आणि नवीन खर्च दहा हजारांच्या आत, दोरीसकट.

पहिला पर्याय बेटकास्टरच ठेवायचा. ही सूचना मीच मांडली आणि मनापासून मांडली. चांगल्या हातात बेटकास्टरइतकं नेमकं दुसरं काही नाही. कांदळवनाच्या मुळांजवळ वीतभर जागेत लूर टाकायचा, मासा लागला की मुळांत शिरायच्या आत त्याला ओढून काढायचा, या कामात ते सरस ठरतं, कारण दोरी सरळ स्पूलवर येते आणि ताकद वाया जात नाही. वीस-पंचवीस ग्रॅमचा जिग, म्हणजे जड धातूचा लूर, लावला, ब्रेक वाढवला, लूर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा टेकवला, तर समोरच्या वाऱ्यातही चालतं. पण ते शिकायला वेळ लागतो, आणि तो वेळ सर कातळावर, संध्याकाळी, एकट्याने घालवणार होते.

आणखी एक बारीक गोष्ट. सर उजव्या हाताने फेकतात आणि हँडलही उजवीकडे. म्हणजे प्रत्येक कास्टनंतर रॉड डाव्या हातात घ्यायचा आणि मग उजव्याने गुंडाळायला लागायचं. पुष्कळ लोकांना याची सवय असते. पण लूर पडल्या पडल्या मासा झडप घालतो तेव्हा रॉड हातातून हातात चाललेला असतो. बेटकास्टरचं हँडल बाजू बदलत नाही, विकत घेतानाच डावं की उजवं ठरवावं लागतं. हे पुतण्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा पर्याय गोल घाटणीचं मल्टिप्लायर. होडीतून जड शिसं खाली सोडायला, ट्रोलिंगला (चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याला) उत्तम, दोरी भरपूर मावते. पण फेकण्याच्या बाबतीत अडचण तीच, फिरणाऱ्या स्पूलची. होडी महिन्यातून एखाद्या वेळची, तिच्यासाठी मुख्य रील निवडणं पटण्यासारखं नव्हतं.

तिसरा, बटण दाबून फेकायचं झाकलेल्या तोंडाचं रील, ज्याला स्पिनकास्ट म्हणतात. मुलांना तळ्यावर शिकवायला छान. दोरी कमी मावते, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी ताणाखाली सुटू देणारा ब्रेक) कमजोर, आणि झाकणाआड अडकलेलं खारं पाणी दिसतही नाही. दोन मिनिटांत बाजूला ठेवलं.

चौथा पर्याय सरांनीच काढला: रीलच नको, परत फळी आणि तंगूस. हा मी हसण्यावारी नेला नाही. धक्क्यावर उभ्या पाण्यात जिवंत कोलंबी सोडायची असेल तर सरांच्या बोटापेक्षा चांगलं यंत्र मी त्यांना देऊ शकत नव्हतो. त्यामुळे एक गोष्ट लगेच सुटली. धक्क्यासाठी रील शोधायचंच नाही, ते काम हातगरीकडेच राहील. तीन कामांतलं एक कमी झालं आणि उरलेल्या दोघांसाठी विचार मोकळा झाला.

पाचवा पर्याय स्पिनिंग रील. यात स्पूल फेकताना फिरत नाही. दोरी त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते, आणि लूर मंदावला की दोरीही मंदावते, कारण तिला ढकलणारं मागे काही नसतं. ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाने अशा रीलचं पेटंट घेतलं ते १९०५ साली. गिरणीत बॉबिन जागेवर उभी असते आणि सूत टोकाकडून सुटत जातं, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं. हलकं आमिष लांब फेकता यावं हीच या रीलमागची गरज होती, आणि सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर आमच्या सरांची गरजही तीच. हँडल डावीकडे-उजवीकडे हवं तसं बदलता येतं, त्यामुळे उजव्या हाताने फेकून त्याच हातात रॉड ठेवून डाव्याने गुंडाळता येतं. दोरी रॉडजवळून जाते, तर्जनीवर धरता येते, म्हणजे सरांच्या बोटाची विद्याही फुकट जात नाही.

त्याचे दोषही सांगितले. गुंडाळताना दोरीला पीळ बसतो. ब्रेड सैल गुंडाळली गेली तर पुढच्या कास्टला एकदम पाच-सहा वेटोळी सुटून गाठ होते. मुळांतून मासा उपसायला ते बेटकास्टरइतकं रेटत नाही. आणि रॉडचं टोक वर धरून नेमका लूर टाकायचा हात यायलाही सराव लागतोच.

निर्णयाचे टप्पे

स्पिनिंग घ्यायचं यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. खरी घासाघीस पुढे झाली.

पहिला पेच रॉडचा. बेटकास्टरचा रॉड स्पिनिंगला चालत नाही. त्याच्या मुठीला बोट अडकवायचं टोक असतं, कड्या वरच्या बाजूने आणि लहान असतात. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं आणि वेटोळ्यांनी येणारी दोरी आत घ्यायला पहिली कडी मोठी लागते. म्हणजे रील बदललं की रॉडही बदलायचा. सरांच्या चेहऱ्यावर तेव्हा नाराजी दिसली. जुना संच विकून टाकावा का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. वापरलेल्या संचाचे जेमतेम पैसे आले असते, आणि कांदळवनासाठी तो उपयोगी होता. तसाही साडेसहा फुटी रॉड कातळाला आखूडच पडत होता. लाटेच्या फेसावरून दोरी उचलून धरायला लांब रॉड लागतो. नऊ फुटी, दहा ते चाळीस ग्रॅम फेकणारा असा नवा रॉड ठरला.

दुसरा पेच रीलच्या आकाराचा, तो क्रमांकाने सांगतात. पुतण्याचा फोन आला, म्हणाला, "काका, मोठं घ्या, ८००० वगैरे, मोठा मासा लागला तर?" हा विचार फार जण करतात आणि मला तो चुकीचा वाटतो. रील दिवसभर हातात धरायचं असतं, मोठा मासा क्वचित लागतो. जड रील नऊ फुटी रॉडवर तासभर चालवलं की मनगट भरून येतं, आणि हात थकला की कास्ट बिघडते. ४००० क्रमांकाच्या स्पूलवर पीई २ ची ब्रेड (पीई हा दोरीच्या जाडीचा क्रमांक) साधारण दोनशे मीटर बसते. कातळावरून लूर मारणाऱ्याला ती पुरून उरते. आकड्यांबाबत मात्र सावध राहावं लागतं. दोन कंपन्यांचे ४००० शेजारी ठेवले तर वजनही वेगळं आणि स्पूलही वेगळं निघतं. म्हणून डब्यावरचा क्रमांक वाचून न थांबता कुठली दोरी किती मीटर मावते ते वाचायचं.

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा होता. दुकानात दोन रील समोर आली, किमतीत फारसा फरक नाही. एकावर बाराच्या वर बेअरिंगची जाहिरात, चकाकता सोनेरी रंग, कमाल ड्रॅग पंधरा किलो. दुसऱ्यात बेअरिंग पाचच, रंग काळा, ड्रॅग दहा किलोच्या आसपास, पण कंपनी जुनी आणि सुटे भाग मिळणारे. सरांचा कल पहिल्याकडे. गणिताच्या माणसाला आकडा मोठा दिसला की ओढ वाटणं साहजिक आहे.

मी त्यांना हिशेब करून दाखवला. पीई २ ची ब्रेड साधारण तीस पाउंडाची, म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग लावायचा असतो दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. पंधरा किलोचा ड्रॅग सर कधी वापरणारच नाहीत. त्या साडेतीन किलोला ड्रॅग सुरू होताना अडकतो की लोण्यासारखा सुटतो, हे बघायचं. दुकानदाराकडून स्प्रिंगचा काटा घेऊन दोन्ही ओढून पाहिले. सोनेरी रीलचा काटा आधी वर चढून मग एकदम खाली यायचा, काळ्याचा एका जागी स्थिर राहायचा. त्या पहिल्या अडकण्यातच दोरी तुटते. बेअरिंगचं म्हणाल तर खाऱ्या पाण्यात प्रत्येक स्वस्त बेअरिंग म्हणजे गंज धरायची एक जादा जागा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रीलमध्ये सगळ्यात आधी जातं ते दोरी वळवणाऱ्या रोलरचं बेअरिंग, मग बेलची, म्हणजे दोरी स्पूलवर आणणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग. हे दोन भाग मिळणार नसतील तर चांगलं रीलही दोन हंगामांत भंगारात जातं. काळं रील घेतलं.

चौथा पेच दोरीचा. सरांना तंगूस हवी होती, ओळखीची. ४००० च्या स्पूलवर जाड तंगूस कमी मावते, ताणते, आणि लांबवरच्या माशाची चाहूल बोटापर्यंत पोचत नाही. पीई २ ची ब्रेड जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची आणि जवळजवळ न ताणणारी. पण कातळावरच्या कालवांच्या धारेवर ती घासली की खलास. तोडगा असा निघाला: स्पूलच्या तळाशी थोडी तंगूस, म्हणजे ब्रेड घसरत नाही, वर ब्रेड, आणि टोकाला दीड-दोन हात चाळीस पाउंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे घासणं सोसणारा जाड दोरीचा तुकडा.

काय केलं

नवीन रील कातळावर न्यायचं नाही, असं मी आधीच ठरवून घेतलं. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी, खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून, गरी काढलेला जिग फेकायचा सराव सुरू झाला. मुलं बघायला जमायची, सर त्यांना दोरीचा कोन आणि अंतर यावर प्रश्न विचारायचे. तीन सवयी पक्क्या करायच्या होत्या. लूर पडल्यावर बेल हँडलने न मिटवता हाताने मिटवायची. गुंडाळण्याआधी दोरी एकदा बोटाने ताणून घ्यायची. आणि ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवायचं नाही.

तिसरी सवय सरांना जड गेली. हातगरीवाला मासा लागला की हातावर हात टाकून ओढत राहतो, थांबत नाही. स्पिनिंग रीलवर मासा दोरी नेत असताना हँडल फिरवलं तर एकही इंच दोरी आत येत नाही, उलट प्रत्येक फेऱ्याला तिच्यात पीळ भरत जातो. फेब्रुवारीत सरांची दोरी कुरळी झाली आणि गुंत्यांची तक्रार परत आली. रील बदलूनही तेच, असं त्यांना वाटायला लागलं होतं. कारण कळल्यावर आम्ही होडीतून दोरीला काही न बांधता ती मागे सोडली, पाण्यात तिचा पीळ उलगडू दिला आणि ताण देऊन परत गुंडाळली. मग रॉड उचलायचा, खाली आणताना गुंडाळायचं, मासा ओढेल तेव्हा नुसतं धरून राहायचं, हा क्रम दोघांनी मिळून घोटला.

स्पूल जरा जास्त भरलं होतं, तेही कमी केलं. कडेपासून दोनेक मिलिमीटर रिकामं ठेवलं की वेटोळी एकदम सुटत नाहीत. देखभालीचा नियमही बदलला. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवायचं, पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि ठेवताना ड्रॅग सैल करायचा. बादली बंद.

कातळासाठी मी दोन अटी घातल्या, आणि त्यांचा रीलशी थेट संबंध आहे असं मला वाटतं. भरतीची वेळ बघून, पाणी उतरत असताना जायचं आणि सोबत कोणीतरी असायला हवं. आणि गुंता झालाच तर तिथे सोडवायचा नाही, दोरी कापून मागे यायचं.

निष्पत्ती

मार्चमध्ये एका संध्याकाळी अंधार पडता पडता सरांना धातूच्या जिगवर कोकर लागला, दीड किलोच्या आसपासचा. कोकर आकाराच्या मानाने फार जोर करतो, त्याने दोनदा दोरी नेली. सरांनी हँडलवरचा हात काढून नुसता रॉड धरून ठेवला. मी शेजारी होतो. त्यांनी फोन करून पुतण्याला पहिलं वाक्य सांगितलं ते माशाबद्दल नव्हतं: "अरे, वारा तोंडावर होता!"

सगळंच मनासारखं झालं नाही. त्याच महिन्यात एक तांबोशी लागली आणि सरळ खडकाच्या कपारीत शिरली. लीडर कालवांवर घासून तुटला. तिथे बेटकास्टर असतं तर कदाचित पहिल्या दोन सेकंदांत तिला वळवता आलं असतं. सरांनी हे स्वतःहून बोलून दाखवलं, आणि तिथूनच जुन्या संचाला त्याची जागा मिळाली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. काठावरच्या गळाला ती लागू नाही, पण उधाणात कातळावर पाय ठेवण्याचं धाडस कोणी करू नये, आणि सरांनी केलं नाही. ते दिवस आतल्या खाडीचे. कांदळवनाच्या आडोशाला वारा कमी, अंतर थोडं, लूर जड चालतो, मुळं जवळ. जे रील कातळावर जिवावर बेतणार होतं ते इथे हातात शोभायला लागलं. मैदानावर सराव करून त्या रीलसाठी सरांचा अंगठाही तोवर बसला होता. जुलैत सरांना त्यावर जिताडा मिळाला, घरापुरता. मोठा लागला तर सोडायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, आणि पावसाळ्यात मुखाजवळच त्याची वीण होते. मोठी मादी या दिवसांत ताटात येणं खाडीला परवडणारं नाही. मला हे फार पटलं.

धक्क्यावर अजूनही फळी आणि तंगूसच आहे. तिथे मिळणारी मासळी दोन्ही रीलच्या मिळून मासळीपेक्षा जास्त असते, हेही लिहून ठेवायला हवं.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या आधी एकच प्रश्न विचारला गेला असता तर बराच खर्च वाचला असता: तुम्ही गरवायला किती वाजता जाता? मासा कुठला, बजेट किती, कंपनी कुठली, हे सगळे विचारतात. वेळ विचारली की वारा कळतो, वारा कळला की लूरचं वजन कळतं, आणि मग रील जवळजवळ ठरूनच जातं.

रील आणि रॉडचा जोड संच मागवणं टाळायला हवं होतं. त्यात एक गोष्ट चुकली की दुसरीही अडते. ओळखीच्या कोणाकडून दोन्ही प्रकारची रील उसनी घेऊन दोन संध्याकाळी फेकून बघितली असती तर दिवाळीतच निकाल लागला असता. कोकणात आता गावोगावी कोणाकडे ना कोणाकडे ही रील असतात, आणि गरवणारा माणूस विचारलं तर देतो.

डिसेंबरातल्या लाटेनंतर सरांनी तेव्हाच कोणाला तरी सांगायला हवं होतं. ते महिनाभर त्याच रीलने त्याच जागी जात राहिले, कारण दोष आपल्या हाताचा आहे असं त्यांनी धरलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जणांचं असंच असतं.

स्पिनिंग घेतानाच हँडल फिरवण्याच्या सवयीचा विचार आधी केला असता तर फेब्रुवारीतला पीळही टळला असता. हातगरीतून रीलवर येणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगावी, दोरी भरायच्याही आधी. सुटं स्पूल त्याच वेळी घ्यायला हवं होतं. आता सरांना त्यावर पीई १.५ भरून वाळूच्या दांड्यावरून हलका जिग लांब मारायचा आहे, आणि त्या मॉडेलचं स्पूल मागवावं लागतंय.

बेटकास्टरच्या डाव्या-उजव्याचा प्रश्न तसाच आहे. कांदळवनात अंतर थोडं असल्याने हात बदलणं सरांना आता जमतं, म्हणून त्यावर पैसे घालायचे नाहीत असं ठरलं. पुतण्या मात्र पुढच्या दिवाळीत स्वतःसाठी रील घेणार आहे. तो डावखुरा आहे, आणि येताना सकाळच्याच गाडीने येतो.